हार्दिक खरंच मुंबईत गेला, म्हणून ती अफवा चांगली होती का?

२६ नोव्हेंबर २०२३, रविवार. मी जालन्याला घरी आले होते. वर्ल्डकपची फायनल हरून जेमतेम आठवडा झाला होता, त्यामुळे घरात क्रिकेटचं नाव काढायची सोय नव्हती. पण संध्याकाळी धाकटा भाऊ मोबाइल नाचवत आला, "ताई, हार्दिक मुंबईत आला!" बदनापूरहून आलेले मामा चहा पीत बसले होते. त्यांनी आपला मोबाइल पुढे केला. "येड्या, ही बघ गुजरातची यादी. आत्ता आलीय, संघानं स्वतः टाकलीय. हाय का नाय यात हार्दिकचं नाव?"

नाव होतं. भावाकडे बातमी होती, मामांकडे अधिकृत यादी. दोघांनी माझ्याकडे बघितलं, कारण घरात 'पीएचडीवाली' मीच. मी म्हणाले, अधिकृत यादीच खरी मानायची. दुसऱ्या दिवशी, २७ तारखेला, हार्दिक पंड्या मुंबई इंडियन्समध्ये गेल्याचं अधिकृतपणे जाहीर झालं आणि भावानं मला पुढचे चार महिने ऐकवलं.

तुमच्यापैकी बरेच जण पेटची नाहीतर नेट-सेटची तयारी करताय, काही जण सिनॉप्सिस लिहायला बसलेत. तुम्हाला वाटेल, ही संशोधनाच्या लेखात आयपीएल कुठून आणतेय? पण खेळाडूंच्या अदलाबदलीच्या बातम्या, ज्यांना आपण ट्रेडच्या अफवा म्हणतो, त्या पुरावा तपासायला शिकण्यासाठी फार चांगल्या आहेत. त्यात दावा असतो, स्रोत असतो (किंवा नसतो), आणि काही दिवसांत निकालही लागतो. आपल्या संशोधनात निकाल लागायला कधीकधी दहा वर्षं जातात. म्हणून आज या बातम्यांची जरा चिरफाड करू.

त्या संध्याकाळी बरोबर कोण होतं?

माझं उत्तर चुकलं, पण का चुकलं ते महत्त्वाचं आहे. यादी खोटी नव्हती. २६ नोव्हेंबर ही खेळाडू कायम ठेवायची की सोडायचे हे कळवण्याची शेवटची तारीख होती. अदलाबदलीची मुदत मात्र १२ डिसेंबरपर्यंत होती. म्हणजे यादी एवढंच सांगत होती की गुजरातनं हार्दिकला लिलावासाठी मोकळं सोडलेलं नाही. तो पुढच्या मोसमात गुजरातकडूनच खेळेल, असं त्या यादीत कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते आम्ही आमच्या मनानं वाचलं.

अधिकृत कागद म्हणजे प्राथमिक स्रोत, हे आपण पाठ करतो. तो कागद कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतो, हे विचारायचं राहून जातं. जनगणनेचा तक्ता घ्या, हवामान खात्याची नोंद घ्या, जमीन आरोग्य पत्रिका घ्या. प्रत्येकाचा एक प्रश्न ठरलेला असतो. आपला प्रश्न वेगळा असेल तर खरा कागदही चुकीचं उत्तर देतो.

आणि भावाची बातमी? ती देणाऱ्यांपैकी काहींकडे तपासता येईल अशी गोष्ट होती, ती म्हणजे पैशांचं गणित. हार्दिकचं मानधन १५ कोटी. प्रत्येक संघाच्या खर्चाला मर्यादा असते. मुंबईनं कॅमेरॉन ग्रीनला त्याआधीच्या लिलावात १७.५ कोटींना घेतलं होतं. हार्दिकला बसवायचं तर कुठूनतरी तेवढी जागा करणं भाग होतं. ग्रीन बंगळुरूकडे गेला आणि जागा झाली. जी बातमी हे गणित मांडत होती ती चांगली बातमी होती. तिच्यात 'कसं' होतं. जी नुसती 'मोठी खळबळ' म्हणत होती तीही खरी ठरली, पण ती खरी ठरण्यात तिचं काही कर्तृत्व नव्हतं.

'समजते' या क्रियापदाचा कर्ता कोण?

आता जरा भाषा बघू. अशा बातम्यांमधली वाक्यं आठवा. 'असे समजते.' 'असे कळते.' 'जवळपास निश्चित मानले जात आहे.' 'चर्चेला उधाण आले आहे.' कोणाला समजते? कोण मानतंय? चर्चा कोण करतंय? मराठीत ही सोय फार छान आहे, कर्ता गायब करून वाक्य पूर्ण करता येतं. आणि मथळ्याला प्रश्नचिन्ह लावलं की काम फत्ते. 'रोहित मुंबई सोडणार?' सोडलं तर आम्ही आधीच सांगितलं होतं, नाही सोडलं तर आम्ही फक्त विचारलं होतं. असा दावा चुकूच शकत नाही. जो चुकू शकत नाही त्याला आपल्या विषयात दावा म्हणत नाहीत.

हसू नका, कारण आपण हेच करतो. 'असे आढळून आले आहे.' 'सर्वसाधारणपणे असे मानले जाते.' 'अनेक संशोधकांच्या मते.' माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये अशी अकरा वाक्यं होती, नंतर मी मोजली. आकडा सांगताना लाज वाटते, पण तुम्ही आज स्वतःच्या मसुद्यात मोजा आणि मग बोला.

एका बाबतीत मात्र पत्रकारांची बाजू घेतली पाहिजे. निनावी सूत्र म्हणजे खोटंच, असं नाही. आयपीएलमध्ये खेळाडूला दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी करता येत नाहीत. रवींद्र जडेजावर याच कारणावरून २०१० च्या मोसमात बंदी आली होती. बोललं तर अंगाशी येतं, म्हणून आतला माणूस नाव न सांगता बोलतो. प्रश्न नाव लपवण्याचा नाही. त्या माणसाला ही गोष्ट माहीत असण्याचं कारण काय, आणि ती बाहेर आल्यानं त्याचा फायदा काय, हे दोन्ही लपवले जातात, अडचण तिथे आहे.

एकाच आठवड्यातली खरी आणि खोटी

एप्रिल २०२५ च्या सुरुवातीला बातमी आली की यशस्वी जयस्वालनं मुंबई सोडून गोव्याकडून खेळण्यासाठी मुंबई क्रिकेट असोसिएशनकडे ना हरकत प्रमाणपत्र मागितलंय. एक-दोन दिवसांतच दुसरी बातमी आली की सूर्यकुमार यादवही गोव्याला निघालाय. मांडणी तीच, गोवा तोच, 'सूत्रं'ही तीच.

पहिलीच्या मागे अर्ज होता. असोसिएशननं तो आल्याचं मान्य केलं आणि जयस्वाल स्वतःही बोलला, गोव्यानं नेतृत्वाची संधी देऊ केल्याचं त्यानं सांगितलं. दुसरीच्या मागे काहीच नव्हतं. सूर्यकुमारनं समाजमाध्यमावर तिची चक्क टिंगल केली आणि असोसिएशननंही ती फेटाळली.

मग दुसरी एवढी पसरली कशी? कारण ती पटण्यासारखी होती. अर्जुन तेंडुलकर मुंबई सोडून गोव्याकडे गेला होता, २०२२ च्या डिसेंबरमध्ये गोव्याकडून रणजी पदार्पणात त्यानं शतकही ठोकलं होतं. सिद्धेश लाडही गोव्याकडून खेळून आला होता. त्यात आता जयस्वाल. आपल्या डोक्यात रांग तयार झाली आणि त्या रांगेत पुढचं नाव कुणीही टाकावं, आपण मान डोलावणार. 'पटतं' हा पुरावा नाही, हे मला या एका आठवड्यानं जितकं शिकवलं तितकं कोर्सवर्कच्या पेपरनं शिकवलं नाही.

गंमत पुढे आहे. मे महिन्यात जयस्वालनं अर्ज मागे घ्यायची विनंती केली आणि असोसिएशननं ती मान्य केली. तो मुंबईकरच राहिला. मग पहिली बातमी खोटी होती का? 'त्यानं प्रमाणपत्र मागितलं' हा दावा तेव्हाही खरा होता, आजही खरा आहे. 'तो गोव्याकडून खेळणार' हे भाकीत होतं, ते फसलं. मथळ्यांनी दोन्ही एकाच वाक्यात कोंबलं. निरीक्षण आणि भाकीत वेगळ्या वाक्यांत लिहायचं, हा नियम पाठ करण्यापेक्षा हे उदाहरण लक्षात ठेवा.

चार संदर्भ, एक मोजमाप

आता माझी गोष्ट. माझा विषय विहिरींच्या पाण्यातलं नायट्रेट. सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर मी लिहिलं होतं की आमच्या भागात भूजलातलं नायट्रेट वाढतंय, आणि पुढे चार संदर्भ दिले होते. चार! मला वाटलं, भक्कम काम झालं. समितीतल्या एका मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "या चौघांपैकी पाणी कोणी मोजलं?"

मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर मी चारपैकी दोनच पेपर पूर्ण वाचले होते. घरी येऊन चारही काढले. तिसऱ्यानं दुसऱ्याचा हवाला दिला होता. दुसऱ्यानं आणि चौथ्यानं पहिल्याचा. पहिल्यानं एका जुन्या अहवालाचा. तो अहवाल शोधायला तीन आठवडे गेले. त्यात एकाच पावसाळ्यानंतरचे थोडे नमुने होते, तेही शेजारच्या जिल्ह्यातले. आणि 'वाढतंय' हा शब्द त्यात कुठेच नव्हता. एकदाच मोजलं तर वाढ कशी दिसणार? तो शब्द मधल्या कुणीतरी घातला होता आणि बाकीच्यांनी उचलला होता. सिनॉप्सिस परत आलं. समितीची पुढची बैठक व्हायला सहा महिने गेले.

ट्रेडच्या बातमीचं हेच होतं. एक जण लिहितो, दुसरा 'वृत्तानुसार' म्हणतो, तिसरा 'अनेक वृत्तांनुसार' म्हणतो, आणि रात्रीपर्यंत आपल्या ग्रुपवर दहा लिंक येतात. दहा लिंक म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. पाणी किती जणांनी मोजलं, ते बघायचं.

मूळ नोंद सापडली की वाद किती लवकर मिटतो, याचं उदाहरण आपल्या गावातच आहे. जालन्याच्या विजय झोलनं २०११ मध्ये कूचबिहार ट्रॉफीत आसामविरुद्ध किती धावा केल्या, असं कट्ट्यावर विचाराल तर कुणी चारशे सांगेल, कुणी पाचशे. स्कोअरकार्ड उघडा, नाबाद ४५१. विषय संपला.

आकडा दिसला की भागाकार करा

मूळ स्रोत मिळत नसेल तेव्हा काय करायचं? निदान आकडेमोड. २०२४ मध्ये चर्चा होती की लखनौ संघानं रोहित शर्मासाठी ५० कोटी वेगळे काढून ठेवलेत. त्या वर्षी प्रत्येक संघाची एकूण खर्चमर्यादा १२० कोटी होती. म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त पैसे एका खेळाडूवर, आणि उरलेल्या ७० कोटींत अख्खा संघ. हे गणित मांडायला पेन्सिलही लागत नाही. संघमालक संजीव गोयंका यांनीही जाहीरपणे ही गोष्ट उडवून लावली. ३१ ऑक्टोबरला मुंबईनं रोहितला १६.३० कोटींना कायम ठेवलं. त्याच लखनौनं नोव्हेंबरच्या लिलावात ऋषभ पंतला घेतलं, तेव्हाची सर्वांत मोठी बोली, २७ कोटी. पन्नासच्या जवळपासही नाही.

संदर्भात आलेला प्रत्येक आकडा असा शेजारच्या आकड्याला घासून बघा. एककं तपासा. लिटरला मिलिग्रॅम आहे की मायक्रोग्रॅम? मी एकदा हजारपट चूक याच सवयीमुळे पकडली. चूक माझीच होती.

दोन बाय दोनचा तक्ता

पेटच्या अभ्यासात टाइप वन आणि टाइप टू एरर पाठ करताना गोंधळ होतो ना? मग 'खेळाडू कुठेही जात नाहीये' हे शून्य गृहीतक धरा आणि अफवेला चाचणी समजा.

अफवा होती आणि बदल झाला: हार्दिक. चाचणी बरोबर.

अफवा होती आणि बदल झाला नाही: सूर्यकुमार, लखनौवाला रोहित. हा टाइप वन एरर, नसलेलं दिसलं.

अफवा नव्हती आणि बदल झाला: यासाठी अमेरिकेतल्या बास्केटबॉलकडे जावं लागेल. २ फेब्रुवारी २०२५, आपल्याकडे रविवार सकाळ. डॅलस संघानं आपला सर्वांत मोठा खेळाडू लुका डोंचिच लॉस एंजेलिस लेकर्सला दिला आणि बदल्यात अँथनी डेव्हिस घेतला. त्याच्याच जोरावर हा संघ २०२४ मध्ये अंतिम फेरीत पोचला होता. एनबीएमध्ये अफवांचा बारमाही बाजार भरतो, पण याची कुणकुण कुणाला नव्हती. शॅम्स शरानिया या पत्रकारानं बातमी दिली तेव्हा लोकांना वाटलं, त्याचं खातं हॅक झालंय. हे खरं आहे, असं त्याला पुन्हा लिहावं लागलं. हा टाइप टू एरर, असलेलं दिसलं नाही.

चौथा चौकोन म्हणजे अफवा नव्हती आणि बदलही झाला नाही. शेकडो खेळाडू. यांच्यावर कोणी एक ओळ लिहीत नाही.

ट्रेडच्या पत्रकारितेवर माझा मुख्य आक्षेप इथे आहे. ती चुकते, हा आक्षेप नाही, सगळेच चुकतात. ती फक्त पहिल्या चौकोनाचा हिशेब ठेवते. 'आम्ही आधीच सांगितलं होतं' हे अभिमानानं लिहिलं जातं, 'गेल्या वर्षी आम्ही एवढं सांगितलं, त्यातलं एवढं खरं ठरलं' हे सहसा कुठे वाचायला मिळत नाही. आणि आपल्या प्रयोगशाळेच्या वहीतही चौथा आणि दुसरा चौकोन बहुतेक वेळा कोराच असतो, नाही का?

अफवा स्वतःला खरी करते तेव्हा

मामांनी एक गोष्ट सांगितली, ती तुम्ही आपल्या भागातले असाल तर ओळखीचीच असेल. मे महिना उजाडला की गावात बोललं जातं, यंदा कपाशीचं अमुक वाण मिळणार नाही. कुठून येतं माहीत नाही. लोक घाबरून कृषी सेवा केंद्रासमोर रांगा लावतात, दोन लागतात तिथे पाच पाकिटं घेतात. आठवड्यात ते वाण खरंच संपतं, मग पाकिटावरच्या किमतीपेक्षा जास्त पैसे मोजावे लागतात. अफवा खरी ठरली! पण माल कमी होता म्हणून संपला की अफवेनं संपवला?

खेळाडूच्या बाबतीतही बोलणी चालू असताना बाहेर आलेली बातमी बोलणीच बदलते. भाव वाढतो, दुसरा संघ जागा होतो, चाहते बिथरतात. म्हणून 'शेवटी खरं झालंच ना' हा युक्तिवाद पुरावा म्हणून फार कच्चा आहे.

'काय' कळलं, 'का' कळलं नाही

१५ डिसेंबर २०२३ ला मुंबईनं रोहितच्या जागी हार्दिकला कर्णधार केलं. हे 'काय'. हस्तांतराची रक्कम जाहीर झाली नाही, तरी शंभर कोटींपर्यंतचे आकडे फिरले. कर्णधार का बदलला, यावर कोणी अहंकार सांगितला, कोणी भांडण, कोणी पैसा. ज्याला जे आवडलं ते त्यानं उचललं. पुढच्या मोसमात अहमदाबादेत आणि खुद्द वानखेडेवर हार्दिकची हुर्यो उडवली गेली. १ एप्रिल २०२४ ला नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागा म्हणून सांगावं लागलं. आमचा भाऊही टीव्हीसमोर बसून शिव्या देत होता, तोच जो 'हार्दिक आला' म्हणून नाचला होता. मी विचारलं, त्यानं नेमकं केलं काय? भाऊ म्हणाला, "सगळ्यांना माहितीय." आता 'माहितीय'चा कर्ता सापडला, तर 'सगळे'!

घटना पक्की असली की तिच्या कारणाची गोष्टही पक्की वाटू लागते. आपल्याकडे सहसंबंध सापडला की कारण लिहून मोकळं व्हायची घाई असते, ती यापेक्षा वेगळी नाही.

मग करायचं काय?

या आठवड्यात एक काम करा. आवडत्या खेळाच्या पाच ट्रेडच्या बातम्या निवडा आणि वहीत पाच रकाने आखा: दावा एका वाक्यात, सर्वांत आधी कोणी म्हटलं, त्याला कसं माहीत, आकडा बसतो का, कुठल्या तारखेला काय दिसलं तर हे चूक ठरेल. तारीख आल्यावर निकाल लिहा, चुकलेल्याचाही. हे जमलं की तोच तक्ता तुमच्या सिनॉप्सिसमधल्या पहिल्या पाच संदर्भांवर चालवा. बातम्यांना एक संध्याकाळ लागेल, संदर्भांना महिना लागला तर घाबरू नका.

शेवटी एक सांगायचं राहिलं. सिनॉप्सिस मंजूर झाल्यावर मी स्वतः नमुने घेतले, पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन वर्षं. काही विहिरींत नायट्रेट खरंच वाढलेलं निघालं. भाऊ म्हणाला, "म्हणजे तू आधी लिहिलेलं बरोबरच होतं की! उगीच सहा महिने घालवले." मी त्याला हार्दिकची यादी आठवण करून दिली. तेव्हा मी चुकले होते पण माझ्या हातात कागद होता, सिनॉप्सिसमध्ये मी बरोबर निघाले पण हातात काहीच नव्हतं. यातलं जास्त वाईट काय, ते मी त्याला विचारलंय. तो अजून विचार करतोय. तुम्हीही करा.